कुलूप कंपनीचे, सीडी आपली

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 साठीचा नियमित आधार थांबवला. तोवर चालढकल करत आलेल्या असंख्य लोकांना त्यानंतर विंडोज 11 कडे वळावे लागले. ज्यांच्या संगणकात त्यासाठी लागणारी टीपीएम 2.0 या सुरक्षा-चिपची सोय किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नव्हता, त्यांच्यापुढे नवा संगणक घेणे किंवा लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे हेच मुख्य पर्याय उरले. अशा स्थलांतराच्या वेळी हिशेबाचे सॉफ्टवेअर चालेल का, प्रिंटर ओळखला जाईल का, फोटो शाबूत राहतील का, हे लोक निःसंकोच विचारतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी विकत घेतलेला गेम चालेल का, हे मात्र जरा ओशाळूनच विचारले जाते. उत्तरही ठरलेले असते: इतका जुना गेम आता हवाय कशाला? लोखंड गंजते तसे सॉफ्टवेअरही कालांतराने आपोआप निकामी होते, असे या उत्तरात धरून चाललेले असते.

पण सॉफ्टवेअर गंजत नाही. जपून ठेवलेल्या सीडीवरचा एकही बाइट बदललेला नसतो. बदललेली असते ती भोवतालची व्यवस्था, आणि ती बदलण्याचा निर्णय कोणीतरी, कोणत्यातरी कारणाने घेतलेला असतो. ते निर्णय कोणाचे, त्यांतले योग्य कोणते आणि त्यांचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे तपासून पाहिले तर असे दिसते, की या साऱ्या प्रकरणात तंत्रज्ञानाचा भाग सर्वांत सोपा आहे. खरी अडचण नक्कल होऊ नये म्हणून गेमला लावलेल्या कुलपांची आहे आणि ती कुलपे काढू पाहणाऱ्यांकडे संशयाने बघणाऱ्या कायद्याची आहे.

आधी तंत्रज्ञान. डॉस ही विंडोजपूर्वीची सिस्टीम आणि विंडोज 3.1 यांच्या काळातले बहुतेक प्रोग्राम 16 बिटांचे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे हाताळणाऱ्या जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेले होते. 32 बिटांच्या विंडोजमध्ये ते चालवण्यासाठी एनटीव्हीडीएम नावाची सोय असे. 64 बिटांच्या विंडोजमध्ये ती कधीच दिली गेली नाही, आणि विंडोज 11 तर फक्त 64 बिटांचीच आहे. यात सगळा दोष मायक्रोसॉफ्टचा नाही, कारण डॉसचे प्रोग्राम ज्या व्हर्च्युअल 8086 पद्धतीने चालत ती पद्धत प्रोसेसर 64 बिटांच्या अवस्थेत असताना उपलब्धच नसते. गंमत अशी, की 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धातले पुष्कळ गेम स्वतः 32 बिटांचे आहेत आणि ते आजही चालू शकतील, पण त्यांचा इन्स्टॉलर, म्हणजे गेम संगणकावर बसवून देणारा प्रोग्राम, 16 बिटांचा असल्यामुळे सीडी घातल्यावर पहिल्या पायरीलाच गाडी अडते. काही ओळखीच्या इन्स्टॉलरसाठी मायक्रोसॉफ्टने बदली सोय ठेवली आहे, बाकीच्यांचे नशीब. ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ ची अडचण वेगळीच होती. 1999 चा हा गेम 256 रंगांच्या ठरावीक तक्त्यावर चालत असे. विस्टा आणि विंडोज 7 वर तो तक्ता दुसरेच प्रोग्राम मध्येच बदलून टाकू लागले, तेव्हा गवत लाल आणि पाणी जांभळे दिसू लागले. खेळणाऱ्यांनी त्यावर शोधलेला उपाय असा, की टास्क मॅनेजर उघडून विंडोजचा एक्सप्लोरर, म्हणजे खालच्या पट्टीसकट सगळा डेस्कटॉपच, बंद करून टाकायचा आणि मग खेळायला बसायचे.

अशा बहुतेक अडचणींवर आज तोडगे आहेत आणि ते प्रामुख्याने फुकट काम करणाऱ्या लोकांनी काढलेले आहेत. डॉसबॉक्स संगणकाच्या आत एक जुना संगणक उभा करतो आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ किंवा ‘डेंजरस डेव्ह’ त्यात पूर्वीसारखे चालतात. 1993 पासून लिहिला जात असलेला वाइन हा प्रोग्राम विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवतो. त्याच्याच पायावर व्हॉल्व्ह या कंपनीने 2018 मध्ये प्रोटॉन हा खास गेमसाठीचा प्रोग्राम आणला. परिणामी 16 बिटांचा विंडोज गेम 64 बिटांच्या विंडोज 11 वर जसाच्या तसा चालत नाही, पण 64 बिटांच्या लिनक्सवर वाइनमधून चालू शकतो. विंडोजसाठी लिहिलेला गेम खेळायला विंडोज सोडून जावे लागावे, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला भिडण्यासाठी दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला विंडोज 95 तयार होत असतानाचा. तेव्हा लोकप्रिय असलेल्या ‘सिमसिटी’ या गेममध्ये एक चूक होती. वापरून झालेली मेमरी सिस्टीमला परत केल्यानंतरही तो तीच मेमरी पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजमध्ये ती मेमरी लगेच दुसऱ्या कोणाला दिली जात नसल्यामुळे ही चूक खपून गेली. नव्या सिस्टीममध्ये गेम कोसळू लागला. चूक उघडपणे गेमची होती. तरीही मायक्रोसॉफ्टने विंडोज 95 मध्ये खास कोड घातला. ‘सिमसिटी’ चालू आहे असे दिसले, की मेमरीची वाटणी करणारी यंत्रणा त्याच्यापुरती वेगळ्या रीतीने वागे आणि परत आलेली मेमरी लगेच दुसऱ्या कोणाला देत नसे.

दुसरा प्रसंग 2025 चा. विंडोज 11 ची 24एच2 ही आवृत्ती बसवल्यावर ‘जीटीए सॅन अँड्रियास’ खेळणाऱ्यांना स्किमर नावाचे पाण्यावर उतरणारे विमान सापडेनासे झाले. एका स्वतंत्र प्रोग्रामरने या प्रकाराचा छडा लावला. गेममधल्या वाहनांची माहिती ज्या फाइलमध्ये असते तिच्यात स्किमरच्या ओळीत चाकांच्या आकाराचे आकडे भरायचेच राहून गेले होते. आधीच्या ‘व्हाइस सिटी’ मध्ये हे वाहन होडी म्हणून नोंदलेले होते आणि होडीला चाके नसतात. पुढच्या गेममध्ये त्याचे विमान झाले, पण आकडे आले नाहीत. ते आकडे नसले तर काय करायचे, हे प्रोग्राममध्ये लिहिलेलेच नव्हते. त्यामुळे फाइलमधल्या आदल्या वाहनाचे, मेमरीत योगायोगाने पडून राहिलेले आकडेच स्किमरला लागू होत आणि ते बरे असल्याने वीस वर्षे कोणाला पत्ता लागला नाही. 24एच2 मध्ये विंडोजच्या आतल्या एका नेहमीच्या कामाने स्टॅक या तात्पुरत्या मेमरीची थोडी अधिक जागा वापरायला सुरुवात केली, ते उरलेले आकडे पुसले गेले, त्यांच्या जागी भलताच आकडा आला आणि विमान आकाशात कल्पनेपलीकडच्या उंचीवर फेकले जाऊ लागले. इथेही चूक गेमचीच. या वेळी मात्र ती निस्तरली ती मायक्रोसॉफ्टने नव्हे, तर त्याच स्वयंसेवी प्रोग्रामरने, आपल्या पॅचमधून, म्हणजे गेमला वरून लावायच्या दुरुस्तीतून.

या दोन प्रसंगांवरून मायक्रोसॉफ्ट पूर्वी सज्जन होती आणि आता निष्ठुर झाली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो भाबडा ठरेल. 1995 साली लोकांनी जुनी सिस्टीम सोडून नवी विकत घ्यावी ही कंपनीची गरज होती, आणि आवडता गेम नव्या सिस्टीमवर कोसळला असता तर दोष गेमला नव्हे, विंडोजलाच लागला असता. ती भलाई नव्हती, विक्रीचे शहाणपण होते. शिवाय प्रत्येक गेमच्या प्रत्येक चुकीसाठी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ठिगळ लावत बसणे तीस वर्षे कोणालाच परवडणारे नाही, आणि असे प्रत्येक ठिगळ म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीने आणखी एक फट. म्हणून ‘नव्या सिस्टीमने जुने सर्व काही चालवलेच पाहिजे’ ही मागणी मी करणार नाही. ॲपलने तर ती कधी मनावरही घेतली नाही. 2011 मध्ये पॉवरपीसी या जुन्या प्रोसेसरसाठीचे प्रोग्राम गेले, 2019 च्या कॅटालिना या आवृत्तीबरोबर 32 बिटांचे सगळे प्रोग्राम एका फटक्यात गेले आणि त्यांच्याबरोबर कित्येक गेमही. तरीदेखील इंटेलच्या प्रोसेसरसाठीचे प्रोग्राम चालवणारी रोझेटा 2 ही सोय हळूहळू आवरती घेणार असल्याचे 2025 मध्ये जाहीर करताना, देखभाल थांबलेल्या जुन्या गेमसाठी तिचा काही भाग ठेवला जाईल, असे त्याच ॲपलने सांगितले. गेम ही वेगळी बाब आहे, त्यांचा कर्ता दुरुस्तीसाठी परत येणार नाही, हे एका कठोर कंपनीनेही अखेर मान्य केले, एवढेच त्यातून घ्यायचे.

कुलपांचे प्रकरण याहून गंभीर आहे. 2000 च्या आसपास सीडीवर आलेल्या असंख्य गेमना मॅक्रोव्हिजन कंपनीचे सेफडिस्क हे संरक्षण लावलेले असे. सीडीवर मुद्दाम काही सदोष जागा ठेवलेल्या असत. साध्या सीडी-रायटरने प्रत काढली, की त्या खुणा नीट उतरत नसत आणि गेम ‘खरी सीडी घाला’ म्हणून अडून बसे. ही तपासणी करण्यासाठी विंडोजच्या अगदी आतल्या थरात एक ड्रायव्हर बसे, त्याचे नाव सेकड्राइव्ह. गेमला सिस्टीमच्या गाभ्यापर्यंत हात घालू देण्यातला धोका 2007 मध्येच दिसला. त्या ड्रायव्हरमधल्या दोषामुळे साध्या वापरकर्त्याला संगणकावर पूर्ण ताबा मिळवता येत होता आणि मायक्रोसॉफ्टला तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. 2015 मध्ये आलेल्या विंडोज 10 ने हा ड्रायव्हर घेतलाच नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या सुरक्षा-दुरुस्तीने तो विंडोज विस्टा, 7 आणि 8 वरही बंद केला. हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. अशा सडक्या कुलपासाठी सिस्टीमचा दरवाजा उघडा ठेवणे मूर्खपणाचे झाले असते.

पण त्या निर्णयाची किंमत नेमकी कोणी मोजली ते पाहा. ज्याने दुकानात पूर्ण पैसे देऊन खोकेबंद सीडी घेतली, त्याची सीडी खरी असूनही चालत नाही, कारण ती खरी आहे हे तपासणारा ड्रायव्हरच उरला नाही. ज्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून शंभर-दीडशे रुपयांत तोच गेम कुलूप फोडलेल्या अवस्थेत घेतला, त्याचा मात्र विंडोज 11 वरही बहुधा चालतो. प्रामाणिक गिऱ्हाइकाला शिक्षा आणि चोराला बक्षीस, असा हा उफराटा न्याय झाला. कुलूप लावणाऱ्या कंपन्यांपैकी फारच थोड्यांनी कुलूप निकामी झाल्यावर आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना ते काढून टाकणारा पॅच दिला, आणि मायक्रोसॉफ्टनेही ड्रायव्हर काढताना, ज्यांचे गेम त्यामुळे बंद पडणार होते त्यांना तुम्ही काय करणार, असे त्या कंपन्यांना जाहीरपणे विचारले नाही.

माझे म्हणणे या ठिकाणी नेमके होते. ऑपरेटिंग सिस्टीमने जुने ओझे जरूर टाकावे. मात्र ज्याने गेम विकला, त्याने विक्री थांबवताना किंवा कुलूप निरुपयोगी झाल्यावर ते काढून दिले पाहिजे. तो देत नसेल, तर ते काढण्याचा आणि काढायला मदत करण्याचा अधिकार निःसंदिग्धपणे गिऱ्हाइकाकडे आणि ग्रंथालयांकडे आला पाहिजे.

हे व्यवहार्य आहे याचे पुरावे उद्योगातच सापडतात. ‘डूम’ चा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेला मूळ मजकूर, त्याच्या निर्मात्यांनी डिसेंबर 1997 मध्ये खुला केला आणि त्यामुळेच तो गेम आज जवळपास कोणत्याही यंत्रावर चालतो. चित्रे आणि नकाशे मात्र अजून कंपनीच्या मालकीचे आहेत आणि ती ते विकतेही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने फेब्रुवारी 2025 मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’ मालिकेतल्या काही गेमचा कोड खुला केला, तेव्हा तिचा धंदा बुडाला नाही. पोलंडमधल्या गॉग या दुकानाने तर 2008 पासून जुने गेम कुलूप काढून, नव्या विंडोजवर चालतील असे करून विकण्याचाच व्यवसाय केला आहे. मायक्रोसॉफ्टकडेही तिचा स्वतःचा चांगला पायंडा आहे. विंडोज 7 च्या प्रोफेशनल आवृत्तीबरोबर ती एक्सपी मोड देत असे, म्हणजे एक्सपी ही विंडोजची अख्खी जुनी आवृत्ती, परवान्यासह, नव्या सिस्टीमच्या आत. कार्यालयांच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी जे करता आले ते विंडोज 98 च्या बाबतीत संग्रहालयांसाठी आणि घरगुती वापरासाठी करायला काय हरकत आहे, हे मला खरोखर समजत नाही. आज विंडोज 98 दुकानात विकत मिळत नाही आणि खुलेही केलेले नाही, त्यामुळे तिच्यासाठी लिहिलेला गेम डॉसबॉक्ससारख्या, जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या एमुलेटरमध्ये चालवू पाहणारा कायदाप्रेमी माणूस जुन्या सीडीच्या शोधात फिरतो. एमएस-डॉस 4.00 चा कोड कंपनीने 2024 मध्ये खुला केला; तिथवर आलात, तर आणखी दहा वर्षे पुढे या.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो, की चांगले गेम नव्या रूपात पुन्हा बाजारात येतातच, मग जुन्यांचा हट्ट का. काही येतात, हे खरे. ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ ची 2019 ची आवृत्ती उत्तम आहे. पण व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्क यांच्या 2023 च्या अभ्यासात, अमेरिकेत 2010 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी 87 टक्के गेम बाजारात अधिकृतपणे मिळत नसल्याचे आढळले. जे परत येतात तेही तेच असतात असे नाही. ‘सॅन अँड्रियास’ च्या रेडिओवरची काही गाणी परवाने संपल्यावर 2014 मध्ये वगळली गेली, आणि 2021 मध्ये नवी आवृत्ती यायच्या सुमारास मूळ गेम ऑनलाइन दुकानांतून काढूनच घेतला गेला. नव्या आवृत्तीच्या दर्जावरून ओरड झाली, तेव्हा तो पीसीसाठी पुन्हा विक्रीला आला. नवी आवृत्ती जुनीची जागा घेते, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रकार आठवावा.

भारतातल्या कायद्याकडे वळल्यावर चित्र अपेक्षेपेक्षा बरे आणि मग अपेक्षेपेक्षा विचित्र दिसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52, प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या जवळ असलेल्या माणसाला, तो प्रोग्राम ज्या कामासाठी दिला गेला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून त्याची प्रत काढण्याची किंवा त्यात फेरबदल करण्याची मुभा देते. आपल्या सीडीवरचा गेम आपल्याला खेळता यावा म्हणून त्यात बदल करणे, हे या मुभेत सरळ बसते असे मला वाटते. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65ए कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते खरे, पण हक्कभंग करण्याचा हेतू असेल तरच. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप काढले तर गुन्हा नाही. अमेरिकेच्या कायद्यापेक्षा हे कितीतरी समजूतदार आहे. तिथे दर तीन वर्षांनी सवलतींसाठी अर्ज करावे लागतात, आणि बाजारात न मिळणारे गेम ग्रंथालयांनी संशोधकांना दुरून वापरू द्यावेत ही विनंती तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये फेटाळली.

विचित्रपणा पुढच्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीत, आहे. अशा वैध कामासाठी दुसऱ्याला कुलूप काढायला मदत करणाऱ्याने, त्या दुसऱ्याचे नाव, पत्ता, ओळख पटेल असा सर्व तपशील आणि मदतीचा हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. म्हणजे सेफडिस्क काढणारा पॅच लिहिणाऱ्या पुण्याच्या किंवा पणजीच्या एखाद्या विद्यार्थ्याने तो इंटरनेटवर ठेवला, तर उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाची वही त्याने भरत बसायची. स्वतः कुलूप काढण्याचा हक्क आहे, पण ते कसे काढायचे हे ठाऊक असलेल्या दहा हजारांत एकाने उरलेल्यांना मदत केली, की त्याच्यावर टांगती तलवार. ज्या गेमची विक्री बंद होऊन काही वर्षे लोटली आहेत त्यांच्यापुरते हे परंतुक रद्द करावे. एवढ्या किरकोळ दुरुस्तीने कोणाच्याही उत्पन्नाला धक्का लागणार नाही.

ग्रंथालयांची अडचण तर हास्यास्पद आहे. कलम 52 मध्येच विनाव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवण्याची परवानगी आहे, पण त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असेल तरच. जीर्ण पोथीचे स्कॅन करता येईल. जी वस्तू जन्मतःच डिजिटल आहे, तिला या सवलतीत जागाच नाही. पोथी शंभर वर्षे टिकते, फ्लॉपी वीस-तीस वर्षांत जाते, तरी सवलत मात्र पोथीला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ च्या मूळ ॲपल 2 आवृत्तीचा सोर्स कोड हरवल्याचे त्याच्या कर्त्यानेच, जॉर्डन मेकनर यांनी, गृहीत धरले होते. 2012 मध्ये त्यांच्या वडिलांना कपाटात जुन्या फ्लॉपींचे खोके सापडले, जाणकारांनी जुनी यंत्रे आणून त्या फ्लॉपी वाचल्या आणि कोड बचावला. नशिबाच्या अशा भरवशावर जतनाचे धोरण उभे राहत नाही. हा धडा आपल्याला चित्रपटांनी एकदा दिलेला आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये सुरू झाले, तोवर मूकपटांच्या काळातले बहुतेक काम नष्ट झाले होते, आणि ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट तर आज कुठेही उपलब्ध नाही. करमणुकीची वस्तू कोण जपून ठेवणार, असे तेव्हाही लोकांना वाटतच होते.

आपल्याकडचे बहुतेक लोक चोरीच्याच प्रतींवर खेळले, मग गिऱ्हाइकाच्या हक्काची भाषा कोणत्या तोंडाने करायची, असा टोमणा यावर मारला जाईल, आणि तो अगदीच गैरलागू नाही. आपल्या पिढीने गेमचे पैसे फारसे मोजले नाहीत. परंतु ज्यांनी मोजले त्यांचा हक्क इतरांच्या वागण्याने बुडत नाही, आणि ग्रंथालयाचा हक्क तर कोणी काय वापरले यावर अवलंबूनच नसतो.

सर्व्हरवर अवलंबून असलेल्या नव्या गेमचा प्रश्न आणखी बिकट आहे. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ चे सर्व्हर मार्च 2024 अखेरीस बंद केल्यावर विकत घेतलेला गेम एकट्यानेही खेळता येईनासा झाला, आणि त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेने जुलै 2025 मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. सीडीवरच्या गेमचा सोपा प्रश्नच आपण सोडवलेला नाही.

तो सोडवायला नवी संस्था लागत नाही. 1954 च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि आणखी तीन ग्रंथालये यांना स्वखर्चाने पाठवायची असते; त्यांतले एक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहे. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत, त्यामुळे त्या कायद्याचा धाक किती हे वेगळे सांगायला नको. त्याच कायद्यात सॉफ्टवेअर आणावे आणि प्रत मागताना ती कुलपाविना मागावी. 1999 मध्ये मुंबईत सुरू झालेली इंडियागेम्स पुढे डिस्नेच्या हाती गेली. तिने किंवा तिच्या काळातल्या इतर भारतीय कंपन्यांनी केलेल्या खेळांची एकही प्रत कुठल्या सार्वजनिक ग्रंथालयात देण्याचे बंधन त्यांच्यावर कधीच नव्हते. सुरुवात केवळ भारतात तयार होणाऱ्या गेमपासून केली, तरी त्यासाठी लागणारी जागा एका साध्या हार्ड डिस्कपुरती आहे, आणि ते चालवायला लागणारे एमुलेटर फुकट मिळतात.